चान्स घेताय? थायरॉइड आणि लोहाचे रिपोर्ट एकत्र कसे वाचायचे

लॅबचा रिपोर्ट आता मोबाइलवरच येतो. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनी असते आणि तोवर पीडीएफ उघडून आपण ठळक अक्षरांतले आकडे शोधत बसतो. एखादा आकडा ठळक दिसला की पोटात गोळा येतो आणि एकही ठळक नसला की वाटतं, चला, सगळं ठीक आहे. बाळासाठी प्रयत्न सुरू असतील तर या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या ठरू शकतात. ठळक आकडा दरवेळी काळजीचा नसतो. उलट रेंजमध्ये बसलेला एखादा आकडा लक्ष देण्याजोगा असू शकतो.

या काळात दोन तपासण्या हमखास होतात: थायरॉइड आणि रक्तातलं लोह. बहुतेक जणी हे दोन रिपोर्ट वेगवेगळे वाचतात. शरीरात मात्र हे दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले आहेत. ते एकत्र कसे वाचायचे, कोणत्या आकड्यावर काय करायचं आणि कुठे घाबरायचं नाही, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचं

- हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. साठा कळतो फेरिटिनवरून.
- टीएसएच २.५ च्या वर गेला की आजार झाला, असं नाही. हा आकडा कोणासाठी आहे ते पाहावं लागतं.
- थायरॉइड आणि लोहाच्या गोळीत किमान ४ तासांचं अंतर हवं.
- दिवस राहिले म्हणून थायरॉइडची गोळी स्वतःहून बंद करायची नसते. बहुतेकींचा डोस तेव्हा वाढवावा लागतो.

आधी युनिट पाहा

दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवले की युनिट वेगळं दिसतं आणि गोंधळ होतो. टीएसएच कधी मिली इंटरनॅशनल युनिट प्रति लिटरमध्ये लिहितात, कधी मायक्रो इंटरनॅशनल युनिट प्रति मिलिलिटरमध्ये. आकडा दोन्हीत तोच राहतो. फेरिटिनचंही तसंच आहे. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति लिटर यांचा आकडा सारखाच असतो. त्यामुळे या दोन तपासण्यांत युनिट बदललं म्हणून वेगळं गणित करावं लागत नाही.

शेजारी छापलेली नॉर्मल रेंज मात्र लॅबप्रमाणे थोडी बदलते, कारण मशीन आणि पद्धत वेगळी असते. म्हणून पुन्हा तपासणी करताना शक्यतो तीच लॅब आणि साधारण तीच वेळ ठेवा. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी थोडा उतरतो. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी दोनला रक्त दिलं, तर औषधात काहीही बदल न करता आकडा बदललेला दिसू शकतो.

टीएसएच: उलटा चालणारा काटा

थायरॉइड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती टी-४ आणि टी-३ ही हार्मोन्स बनवते. टीएसएच मात्र थायरॉइड बनवत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी बनवते आणि त्याद्वारे थायरॉइडला सांगते, 'काम वाढव' किंवा 'कमी कर'.

म्हणून हा काटा उलटा वाचायचा. थायरॉइड सुस्त झाली की पीयूषिका जास्त ओरडते आणि टीएसएच वाढतो. थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करू लागली की पीयूषिका गप्प होते आणि टीएसएच घसरतो.

गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीसाठी टीएसएचची रेंज बहुतेक लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ इतकी छापलेली असते.

गर्भधारणेशी याचा संबंध दोन प्रकारे येतो. थायरॉइड बरीच सुस्त असेल तर प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढू शकतं, बीजांड वेळेवर बाहेर पडत नाही आणि पाळी पुढे-मागे होते. दुसरं म्हणजे, गर्भ राहिल्यावर पहिले काही महिने बाळाची स्वतःची थायरॉइड पुरेशी तयार नसते. त्या काळात त्याच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारं हार्मोन आईकडूनच येतं.

२.५ चा आकडा आला कुठून?

सोशल मीडियावरचे बरेच सल्ले एकाच वाक्यावर येऊन थांबतात: 'टीएसएच २.५ च्या आत हवा, नाहीतर दिवस राहत नाहीत.' या आकड्याला इतिहास आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीसाठी २.५ ही वरची मर्यादा धरली होती. पुढे असं लक्षात आलं की ही मर्यादा लावली तर अनेक निरोगी स्त्रियाही आजारी ठरतात. म्हणून २०१७ च्या सूचनांत ती बदलली. आपल्या भागातल्या गरोदर स्त्रियांची स्वतंत्र रेंज उपलब्ध नसेल, तर सुरुवातीच्या काळात वरची मर्यादा साधारण ४ धरावी, असं त्यात म्हटलं आहे.

तरीही २.५ पूर्णपणे बाद झालेला नाही. ज्या स्त्रीला थायरॉइड कमी असल्याचं निदान आधीच झालं आहे आणि जी गोळी घेते, तिचा टीएसएच गर्भधारणेआधी २.५ च्या खाली आणावा, असा सल्ला आजही आहे. आयव्हीएफ करणाऱ्या आणि टीएसएच रेंजच्या वर असलेल्या स्त्रियांनाही हेच लक्ष्य दिलं जातं.

म्हणजे गोळी न घेणाऱ्या एखादीचा टीएसएच ३.१ आला आणि बाकी काही त्रास नसेल, तर तेवढ्यावरून उपचाराची गरज ठरत नाही. मैत्रिणीला २.५ च्या आत आणायला सांगितलं असेल, तर तिची परिस्थिती वेगळी असू शकते.

टीएसएच वाढलेला आहे. पुढे काय?

एकट्या टीएसएचवर निदान होत नाही. सोबत फ्री टी-४ पाहावा लागतो.

- टीएसएच जास्त, फ्री टी-४ कमी: थायरॉइड खरोखर कमी काम करते आहे. उपचार लागतातच. टीएसएच १० च्या वर असेल तरीही बहुतेकदा गोळी सुरू करतात. आकडा आटोक्यात येईपर्यंत प्रयत्न थोडे थांबवावेत का, हे डॉक्टरांना विचारा.
- टीएसएच थोडा जास्त, फ्री टी-४ नॉर्मल: याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. बऱ्याचदा काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून खात्री करतात, कारण एखाद्या आजारपणानंतरही आकडा तात्पुरता वर जातो. बाळासाठी प्रयत्न सुरू असतील तर डॉक्टर कमी डोसची गोळी लवकर सुरू करू शकतात. यासाठी महिनोन्‌महिने प्रयत्न थांबवायची गरज सहसा नसते.
- दोन्ही नॉर्मल: थायरॉइडपुरतं उत्तर मिळालं. दिवस राहत नसतील तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर टीएसएच स्थिर व्हायला ६ ते ८ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी केली तर पैसे जातात आणि आकडाही अर्धवट बदललेला मिळतो.

अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह म्हणजे काय?

शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते, तेव्हा ही तपासणी पॉझिटिव्ह येते. हाशिमोटो नावाच्या आजारात हे दिसतं. टीएसएच नॉर्मल असूनही अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्या अनेक स्त्रिया आहेत. त्यांच्यात गर्भपाताचं प्रमाण थोडं जास्त आढळतं. साहजिकच प्रश्न येतो: मग सगळ्यांनाच गोळी द्यावी का?

हे तपासण्यासाठी ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली आणि २०१९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टीएसएच नॉर्मल आणि अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्या साडेनऊशे स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. दोन्ही गटांत बाळ जन्माला येण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच, साधारण ३७ टक्के निघालं. म्हणजे टीएसएच नॉर्मल असताना केवळ या रिपोर्टसाठी गोळी घेऊन बाळ होण्याची शक्यता वाढली नाही.

या रिपोर्टचा उपयोग मात्र आहे. अशा स्त्रीची थायरॉइड गरोदरपणाचा ताण पेलताना मागे पडू शकते. म्हणून दिवस राहिल्यावर टीएसएच लगेच आणि त्यानंतर गरोदरपणाच्या मध्यापर्यंत साधारण दर ४ आठवड्यांनी पाहायचा. हा आकडा पुन्हा पुन्हा मोजून 'कमी झाला का' हे बघण्यात मात्र काही हशील नाही.

टीएसएच खूप कमी आला तर

टीएसएच रेंजच्या खाली असेल, छातीत धडधड, हाताला कंप, वजन उतरणं, झोप न लागणं असा त्रास असेल, तर थायरॉइड जास्त काम करत असू शकते. इथे थोडं थांबणं महत्त्वाचं आहे. जास्त थायरॉइडवर दिलं जाणारं कार्बिमाझोल गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत बाळासाठी जोखमीचं ठरू शकतं. म्हणून 'आम्ही चान्स घेतोय' हे डॉक्टरांना आधीच सांगा. ते दुसरं औषध देऊ शकतात. स्वतःहून गोळी बंद करणंही तितकंच धोक्याचं आहे. रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीनचा उपचार झाला असेल तर त्यानंतर किमान ६ महिने गर्भधारणा टाळायची असते.

दोन गोष्टी आधी तपासा. एक, तुम्ही आधीच गरोदर तर नाही ना? सुरुवातीच्या आठवड्यांत गरोदरपणाचं हार्मोन थायरॉइडला चालना देतं आणि टीएसएच आपोआप उतरतो. दोन, केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या वा गमी सुरू आहेत का? जास्त प्रमाणातल्या बायोटिनमुळे काही मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.

आता लोह: हिमोग्लोबिन म्हणजे पाकीट, फेरिटिन म्हणजे बँक

हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या खर्चासाठी पाकिटात असलेले पैसे. फेरिटिन सांगतं की बँकेत शिल्लक किती आहे. खर्च वाढला की शरीर आधी बँकेतून पैसे काढतं आणि पाकीट भरलेलं ठेवतं. बँक रिकामी झाल्यावरच पाकीट हलकं होऊ लागतं. म्हणूनच हिमोग्लोबिन १२.३ आणि फेरिटिन ८ असा रिपोर्ट येऊ शकतो. वरवर सगळं ठीक दिसतं, पण शिल्लक जवळपास संपलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर तो अ‍ॅनिमिया. ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम आणि ८ च्या खाली तीव्र. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आढळला. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. म्हणजे हा आकडा कमी येणं दुर्मीळ नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही.

फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोहाची कमतरता आहे, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. बरेच डॉक्टर ३० च्या खाली असेल तरी साठा अपुरा धरतात, विशेषतः गर्भधारणेची तयारी सुरू असताना. लॅबच्या कागदावर मात्र रेंज १० किंवा १३ पासूनही सुरू झालेली दिसते. त्यामुळे १४ आलेला आकडा ठळक छापला जात नाही आणि नजरेतून सुटतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. ताप, संसर्ग किंवा शरीरात कुठे सूज असेल तर फेरिटिन वाढतं. त्यामुळे नुकताच व्हायरल ताप येऊन गेला असेल तर ४५ आलेला आकडाही फसवा असू शकतो. अशा वेळी डॉक्टर सोबत सीआरपी किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहतात. नुसतं 'सीरम आयर्न' मात्र दिवसभरात वरखाली होतं आणि नुकत्याच घेतलेल्या गोळीनेही बदलतं. त्या एकट्या आकड्यावर विसंबू नका.

साठा गरोदरपणाआधीच का भरायचा?

एका गरोदरपणात सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह लागतं. आईचं वाढणारं रक्त, वार आणि बाळ, सगळ्यांचा मिळून हा हिशेब. फेरिटिनचा एक आकडा म्हणजे ढोबळमानाने ८ ते १० मिलिग्रॅम साठा. म्हणजे फेरिटिन १० असलेल्या स्त्रीकडे जेमतेम १०० मिलिग्रॅम शिल्लक असते.

'दिवस राहिल्यावर गोळ्या सुरू करू' असं म्हणताना दोन अडचणी येतात. पहिल्या तिमाहीत मळमळ आणि उलट्या असतात, तेव्हा लोहाची गोळी पोटात टिकत नाही. शिरेतून दिलं जाणारं लोहही त्या तिमाहीत टाळतात. म्हणजे आत्ता, प्रयत्न सुरू असतानाच, साठा भरायला सगळ्यात जास्त पर्याय हातात असतात.

पेशी लहान, पण फेरिटिन भरपूर?

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही नावाचा आकडा असतो. लाल पेशींचा आकार त्यातून कळतो. तो ८० च्या खाली असेल तर पेशी लहान आहेत. लोह कमी असलं की असं होतं. पण फेरिटिन व्यवस्थित असूनही पेशी लहान आणि त्यांची संख्या मात्र जास्त असेल, तर थॅलेसेमिया मायनरची शक्यता तपासायला हवी.

थॅलेसेमिया मायनर असलेली व्यक्ती निरोगीच असते. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. सिंधी, लोहाणा, कच्छी, भानुशाली, पंजाबी अशा काही समाजांत वाहकांचं प्रमाण तुलनेने जास्त आढळतं, पण ते कोणत्याही समाजात असू शकतात. विदर्भ, नंदुरबार आणि इतर आदिवासी भागांत सिकलसेलचा विचारही करावा लागतो. हिमोग्लोबिनचे प्रकार पाहणाऱ्या एचपीएलसी तपासणीत दोन्हींचा शोध घेता येतो. लोहाची कमतरता जास्त असेल तर या तपासणीचं उत्तर झाकलं जाऊ शकतं, म्हणून ती कधी करायची हे डॉक्टरांना ठरवू द्या. पत्नी वाहक निघाली तर पतीची तपासणी गर्भधारणेआधी होणं सगळ्यात चांगलं.

अशा व्यक्तीने 'रक्त कमी आहे' म्हणून फेरिटिन न पाहता वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेत राहणंही योग्य नाही.

थायरॉइड आणि लोह एकमेकांत कसे गुंततात?

१. थायरॉइडचं हार्मोन बनवणाऱ्या टीपीओ या एन्झाइमला कामासाठी लोह लागतं. लोह फार कमी झालं की हार्मोन बनवण्यात अडथळा येतो.

२. थायरॉइड सुस्त असली की काहींना पाळीत अंगावरून जास्त जातं. दर महिन्याला जास्त रक्त गेलं की लोहाची बँक रिकामी होत जाते.

३. थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार असलेल्यांत सीलिएक किंवा जठराचा ऑटोइम्यून आजार असण्याची शक्यता थोडी जास्त असते. त्यात लोह नीट शोषलं जात नाही. गोळ्या नियमित घेऊनही फेरिटिन वर येत नसेल तर हे तपासून घ्यावं.

४. थकवा, केस गळणं, थंडी वाजणं, लक्ष न लागणं ही लक्षणं दोन्हींत सारखी असतात. थायरॉइडचा आकडा जागेवर आला आणि थकवा मात्र जात नाही, अशी तक्रार असेल तर फेरिटिन पाहिलं आहे का, हे विचारा.

एक उदाहरण सोडवू

समजा, वय २९, आठ महिने प्रयत्न सुरू आहेत आणि रिपोर्ट असा आहे:

- टीएसएच ५.६ (ठळक)
- फ्री टी-४ रेंजमध्ये
- हिमोग्लोबिन १२.१
- एमसीव्ही ७८ (ठळक)
- फेरिटिन ८

बहुतेकांची नजर ५.६ वर खिळेल. पण त्याचा अर्थ एवढाच की टीएसएच थोडा वाढला आहे आणि हार्मोन अजून पुरेसं आहे. डॉक्टर अँटी-टीपीओ पाहतील, कदाचित तपासणी पुन्हा करतील आणि प्रयत्न सुरू असल्यामुळे कमी डोस सुरू करायचा का ते ठरवतील. यावरून 'थायरॉइडमुळेच दिवस राहत नाहीत' असा निष्कर्ष निघत नाही.

खरी मोठी गोष्ट आहे फेरिटिन ८. हिमोग्लोबिन काठावर टिकून आहे, पण पेशी लहान होऊ लागल्या आहेत. इथे पुढचा प्रश्न पाळीचा. रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालतो का, तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, मोठ्या गाठी पडतात का? उत्तर 'हो' असेल तर नुसत्या गोळ्या देऊन भागणार नाही, कारणही शोधावं लागेल.

गोळ्यांचं वेळापत्रक

थायरॉइडची आणि लोहाची गोळी एकत्र घेतली तर पोटात दोन्हींची गाठ पडते आणि थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियमचंही तसंच. 'नियमित गोळी घेते तरी टीएसएच उतरत नाही' यामागे कित्येकदा हेच कारण असतं. सोयीचा क्रम असा लावता येईल:

- सकाळी उठल्यावर: थायरॉइडची गोळी, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. चहा आणि नाश्ता ३० ते ६० मिनिटांनी.
- साधारण चार-पाच तासांनी: लोहाची गोळी, लिंबूपाण्यासोबत. आधी-नंतर एक तास चहा-कॉफी नको. मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या.
- रात्री जेवणानंतर: कॅल्शियम दिलेलं असेल तर ते.

लोहाच्या गोळीने शौच काळसर होतं, त्याने घाबरू नका. बद्धकोष्ठता किंवा जळजळ फार असेल तर गोळी सोडण्याऐवजी डॉक्टरांना सांगा. लोह कमी असलेल्या स्त्रियांवर स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून लोहाचा जास्त हिस्सा शोषला गेला. त्यामुळे काही डॉक्टर तसंच देतात. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत वाढू लागतं, पण ते नॉर्मल झाल्यावरही साठा भरण्यासाठी गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवतात. नेमकी इथेच बहुतेक जणी मध्येच थांबतात.

'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात गरोदर नसलेल्या प्रजननक्षम वयातल्या स्त्रियांसाठी आठवड्याला एक लोह-फॉलिक आम्लाची गोळी आहे. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. आशाताई किंवा जवळच्या उपकेंद्रात चौकशी करा. ही गोळी कमतरता टाळण्यासाठी आहे. कमतरता झालेली असेल तर डोस वेगळा लागतो. शिवाय गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यायचा सल्ला दिला जातो, त्याबद्दलही विचारून घ्या.

ताटात काय, आणि रील्समध्ये काय

- बीट लाल आहे म्हणून त्यात लोह भरपूर, असं नाही. खायला चांगलंच आहे, पण रिकामा साठा त्याने भरत नाही.
- हळिवाचे लाडू, मटकी, हरभरा, बाजरी, तीळ, पालेभाज्या यांतून लोह मिळतं. त्यावर लिंबू पिळा किंवा सोबत आवळा, पेरू घ्या, म्हणजे ते जास्त शोषलं जातं. जेवणानंतर लगेचचा चहा नेमकं उलटं करतो.
- मांसाहार करत असाल तर मटण आणि मासे यांतलं लोह जास्त सहज शोषलं जातं.
- लोखंडी कढईत केलेल्या आमटी-भाजीत थोडं लोह उतरतं, आंबट पदार्थांत जास्त.
- साध्या मिठाऐवजी फक्त सैंधव वापरत असाल तर आयोडीन कमी पडू शकतं, कारण त्यात बहुधा ते मिसळलेलं नसतं. गर्भधारणेच्या तयारीत आयोडीनयुक्त मीठच बरं. मात्र आयोडीनचे किंवा समुद्री शेवाळाचे जास्त डोस स्वतःहून घेऊ नका, त्यानेही थायरॉइड बिघडते.
- शिजवलेली कोबी-फ्लॉवरची भाजी नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही.

फेरिटिन १० च्या खाली असताना केवळ आहारावर भर दिला तर महिने निघून जातात. आहार हा साठा टिकवण्यासाठी, गोळी तो भरण्यासाठी.

दिवस राहिले की पहिलं काम

थायरॉइडची गोळी सुरू असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह आल्याच्या दिवशीच डॉक्टरांना फोन करा. बहुतेकींना डोस २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो. बरेच डॉक्टर तो कसा वाढवायचा हे आधीच सांगून ठेवतात, उदाहरणार्थ आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या. म्हणून प्रयत्न सुरू असतानाच विचारून कागदावर लिहून घ्या. 'गरोदरपणात औषधं नकोत' असं घरात कुणी म्हणालं तरी ही गोळी थांबवू नका. शरीर स्वतः बनवतं तेच हार्मोन तीत असतं आणि बाळाला त्याची गरज असते.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. माझ्यासाठी टीएसएचचं लक्ष्य किती आणि का?
२. फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओची गरज आहे का?
३. फेरिटिन केलं नसेल तर करायचं का?
४. लोह कमी होण्याचं कारण काय असावं?
५. थॅलेसेमिया-सिकलसेलची तपासणी आम्हा दोघांची हवी का?
६. पुढची तपासणी कोणत्या तारखेला?
७. दिवस राहिल्यास त्या दिवसापासून डोस किती घ्यायचा?

हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल, चालताना दम लागत असेल, छातीत धडधडत असेल किंवा चक्कर येत असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

शेवटी एक मुद्दा. वय ३५ च्या आत असेल आणि वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील, किंवा वय ३५ च्या पुढे असेल आणि सहा महिने झाले असतील, तर दोघांचीही तपासणी व्हायला हवी. पतीची वीर्य तपासणी सोपी आणि तुलनेने स्वस्त असते, तरी अनेक घरांत ती सगळ्यात शेवटी होते. तोवर पत्नीचा टीएसएच पाच वेळा मोजून झालेला असतो. ३.२ चा टीएसएच २.४ वर आणण्यात एक वर्ष घालवण्यापेक्षा ही तपासणी आधी झालेली बरी.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषध सुरू, बंद किंवा कमी-जास्त करण्याचा निर्णय तुमचे डॉक्टर तुमचा पूर्ण इतिहास पाहूनच घेतील.)